पडद्यावर एकशे बारा

पाहुणे येणार म्हणून आमच्या केंद्रात सकाळपासून जी पुसापुशी चालली होती, ती पाहून कोणालाही वाटलं असतं की आज मुलगी मागायला येणार आहेत. येणार होते मोठ्या कचेरीतले तीन साहेब, आणि त्यांना दाखवायची होती एक पेटी. ती पेटी माझ्या दिराने बनवलेली. त्याचं खरं नाव मी सांगणार नाही, आमच्यात भावजय दिराचं नाव घेत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा आणि बाहीला नाक पुसायचा, तरी मी त्याला 'मिर्झा' म्हणजे सरदार म्हणायला लागले. तुम्हीही तेच म्हणा.

आमचं केंद्र आयदारसायच्या घळीच्या तोंडाशी, आल्मा-आता शहराच्या वरच्या अंगाला. वर बर्फाखाली तळं आहे. उन्हाळ्यात ते फुटलं किंवा दरड कोसळून नदी तुंबली आणि मग सुटली, की दगड, चिखल, झाडं, सगळं एकदम खाली येतं. आमचं काम एवढंच, की पाण्यावर डोळा ठेवायचा आणि वेळेत भोंगा वाजवायचा. पूर्वी वर माणूस बसायचा आणि फोन करायचा. आता नदीच्या वरच्या वळणावर विहिरीसारख्या नळीत एक तरंगता गोळा आहे, तिथून खांबांवरून तारांची जोडी खाली येते, आणि ती येऊन मिळते मिर्झाच्या पेटीला.

बायकांना यातलं कळत नाही असं म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो, म्हणून सांगते. तारेतून टकटक येते. पाणी जितकं वर, तितकी टकटक जलद. पेटी ती मोजते आणि कॉम्प्युटरला सांगते, आणि कॉम्प्युटर पडद्यावर हिरवा आकडा काढतो, सेंटिमीटरमध्ये. एकशे बारा म्हणजे रोजचं पाणी. दोनशेच्या वर गेलं की भोंगा आपोआप वाजतो. आहे काय त्यात न कळण्यासारखं?

पहिल्या पेटीत एक खोड होती. तार तुटली की टकटक थांबायची, पेटी शून्य मोजायची, आणि कॉम्प्युटरला वाटायचं की लोंढ्याने गोळाच उपटून नेला. लगेच भोंगा. असं दोनदा झालं. एकदा एका गाईने खांबाला पाठ घासली, आणि दुसऱ्यांदा कोणा मेल्याने तांब्यासाठी तार कापून नेली. रविवारी नदीकाठी अर्धं शहर चहाचे समोवार घेऊन बसलेलं असतं. दोन्ही वेळा लोक अनवाणी डोंगर चढले. शिजत आलेलं मटण टाकून पळाले, आणि खाली उतरल्यावर केंद्राच्या दारात येऊन आमच्या सात पिढ्या उद्धरून गेले. आमच्या मुख्याधिकाऱ्यांना, सेइलखान आगायना, आगाय म्हणजे वडीलधारे, वरून लेखी तंबी मिळाली.

दुसऱ्या दिवशी आगाय पेटीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मला इथं शून्य दिसता कामा नये."

"आगाय, तार तुटली तर मग दाखवू काय?" मिर्झाने विचारलं.

"आधी जे दिसत होतं ते दाखव."

"पण ते खरं नसेल."

"शून्य तरी कुठं खरं होतं? गाय होती ती."

मिर्झा वयाने लहान, आगाय त्याच्या वडिलांबरोबर लढाईत होते. आमच्यात अशा माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्याने मान हलवली आणि पेटीत आणखी एक चिप बसवली, शेवटचा खरा आकडा धरून ठेवणारी. पण ते त्याच्या जिवाला खात होतं. म्हणून त्याने पेटीच्या कपाळावर एक छोटा लाल दिवा बसवला. प्रत्येक टकटकीला तो लुकलुकायचा. त्याने मला आणि माझ्या जोडीच्या लीडिया कार्लोव्नांना समोर बसवून बजावलं, "आकड्याआधी दिवा बघायचा. दिवा मेला असेल तर आकडा मेलेला समजायचा."

लीडिया कार्लोव्ना म्हणजे सोन्यासारखी बाई. जर्मन घरातली, हातात सदा क्रोशाची सुई. त्यांच्या घरी रेडिओ, टीव्ही, शिवणयंत्र, काही म्हणून उघडं दिसत नाही, प्रत्येकावर विणलेला, खळ दिलेला रुमाल. पाहुणे येणार म्हणून त्यांनी घरून रुमाल आणले होते. एक पडद्याच्या डोक्यावर, एक टेलिफोनखाली, आणि सगळ्यात मोठा पेटीवर, चारी बाजूंनी झालर सोडून. त्यावर काचेची फुलदाणी. आगाय खूश झाले होते. आता कसं माणसांचं ठिकाण वाटतंय, असं म्हणाले होते म्हणे. मी दुपारी कामावर आले तेव्हा टेबल सजलेलं होतं, तळलेल्या बाऊरसाकांची, म्हणजे आमच्या फुगीर पुऱ्यांची, परात भरलेली होती आणि साहेब लोक दारातून आत येत होते.

मिर्झा तिथं नव्हता. आगायनी त्याला सकाळीच घळीत पिटाळलं होतं. वरच्या वळणाच्या बरंच खाली त्याला दुसरा गोळा बसवायचा होता, म्हणजे पाहुण्यांना पडद्यावर दोन आकडे दिसतील. एका गोळ्याला मंजुरी मिळणार असेल तर दोन गोळ्यांना बक्षीस मिळेल, असा आगायचा हिशोब. त्यासाठी त्याला नदीच्या पात्रात उतरून काँक्रीटच्या नळीत उभं राहावं लागणार होतं. बरोबर कोणी नाही, फक्त मोटारसायकल आणि वायरलेस.

साहेब लोक पडद्यापुढे उभे राहिले. आगाय बोटाने दाखवत होते. "बघा, किती स्थिर. पूर्वी नुसता नाचायचा."

"छान," त्यातले जाडे साहेब म्हणाले. "डोळ्यांना त्रास नाही."

तेवढ्यात वायरलेस खरखरला. "वहिनी, आकडा किती?"

"एकशे बारा. आणि तू जेवलास का? की पाहुण्यांचं उरलेलं पाठवू?"

"पाहुण्यांचं उरतं कधी? आणि ऐक, आज माझं नशीब जोरात आहे. पाणी उतरलंय. सकाळी कमरेपर्यंत होतं, आता गुडघ्याला आलंय. तासाभरात काम उरकतो."

"बरं, पाय घसरू देऊ नकोस," मी म्हटलं आणि चहा ओतायला वळले. साहेबांच्या पेल्यात दूध आधी घातलं, मग चहा. आणि ओतता ओतताच हात थांबला.

पाणी उतरलंय म्हणतो, आणि पडद्यावर एकशे बारा. वर पाणी तेवढंच असेल तर खाली गुडघ्याला कसं येईल? मधे फक्त कालव्याचं दार आहे. ते कोणी उघडलं तर पाणी तिकडे वळतं, पण ते दार आमच्या परवानगीशिवाय कोणी उघडत नाही, आणि आज कोणी मागितली नव्हती. शिवाय बाहेर ऊन असं, की कौलावर हात ठेववेना. अशा उन्हात बर्फ वितळतं. दुपारी नदी फुगते, ती उतरत कशी होती?

मी चहाची किटली खाली ठेवली आणि फुलदाणी उचलून रुमाल बाजूला केला. दिवा बंद होता.

मी वाट बघितली. कधी कधी टकटक संथ असते. पण नाही, लुकलुकलाच नाही.

"लीडिया कार्लोव्ना," मी हळूच विचारलं, "रुमाल टाकलात तेव्हा दिवा चालू होता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पेटीकडे. "मी बघितलं नाही गं. मी झालर सरळ करत होते." चेहरा पांढराफटक पडला त्यांचा.

मी आगायच्या बाहीला धरून त्यांना कोपऱ्यात ओढलं. साहेबांसमोर असं ओढलेलं त्यांना अजिबात आवडलं नाही.

"तार मेलीय. आकडा जुना आहे. नदी वर कुठेतरी तुंबलीय आगाय, मिर्झा म्हणतो पाणी गुडघ्याला आलंय. भोंगा वाजवा."

"गाय असेल."

"आणि पाणी? पाणी पण गाईने प्यायलं?"

"हळू बोल." त्यांनी साहेबांकडे बघून हसल्यासारखं केलं. "कालव्याचं दार गळत असेल. बाल्झिया, डोकं वापर. दोनदा लोकांना पळवलंय आपण. तिसऱ्यांदा खोटा वाजला तर पुढे खरा वाजल्यावर एक माणूस उठणार नाही. हे तुला कळतं ना?"

कळत होतं. तेच तर वाईट होतं, म्हातारा चुकीचं बोलत नव्हता. नुसती तार तुटणं म्हणजे लोंढा नव्हे.

"मग निदान मिर्झाला वर घेते," मी म्हटलं आणि वायरलेस उचलला. "मिर्झा, बाहेर ये. ऐकतोस का? पात्रातून बाहेर ये."

खरखर. मी पुन्हा बोलावलं. पुन्हा खरखर. काम करताना तो वायरलेस कोटात गुंडाळून काठावर ठेवायचा, भिजू नये म्हणून, आणि स्वतः नळीत डोकं घालून बसायचा. त्याच्या कानाशी पोचेल असं आता एकच होतं, घळीतला भोंगा.

"काही अडचण आहे का?" जाड्या साहेबांनी लांबून विचारलं.

"काही नाही, रोजचंच," आगाय म्हणाले.

त्या 'रोजचंच'ने माझं डोकं फिरलं. भोंग्याचं हातबटण भिंतीवर, काचेच्या झाकणाखाली, वर दोरा आणि शिशाचं सील. ते तोडायचा अधिकार फक्त आगायना. मी परातीतला सांडशीवजा चिमटा उचलला आणि काच फोडली. एक बाऊरसाक साहेबांच्या बुटावर जाऊन पडला. मग बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

भोंगा वाजला की कानठळ्या बसतात. इतकी वर्षं झाली, सवय होत नाही. साहेब एकदम एकाच वेळी बोलायला लागले. आगायनी माझ्या हाताला धरलं, पण ओढलं नाही. का नाही ओढलं, ते त्यांचं त्यांनाच माहीत. खिडकीतून खालचा नदीकाठ दिसत होता. लोक उठत होते. काही पळाले, काही उभे राहून आमच्याच दिशेला हात नाचवत होते. एक बाई मात्र पोराला काखेत मारून सरळ डोंगर चढायला लागली, आणि तिला बघून बाकीचेही निघाले.

वायरलेस खरखरला. मी झडप घातली.

"वहिनी, हे काय? परत खोटा? पाहुण्यांसमोर?" तो चिडला होता. "आकडा किती?"

"आकडा सोड. बाहेर निघ."

"किती ते तर सांग."

"एकशे बारा, पण—"

"मग कशाला वाजवलात? एकशे बारा म्हणजे काही नाही. वहिनी, बंद करा तो भोंगा. लोक आपल्याला फाडून खातील. मी पेच कसतोय, नळी अर्धी सुटलीय—"

आपल्याच हाताने बनवलेल्या वस्तूवर माणसाचा असा विश्वास. मला त्याला तिथं जाऊन थोबाडीत मारावीशी वाटली. रागावून, आज्ञा करून तो हलणार नव्हता, लहानपणापासूनचा हट्टी. त्याला त्याच्याच भाषेत सांगायला हवं होतं.

"मिर्झा," मी म्हटलं, "दिवा बंद आहे."

भोंगा एक फेरी संपवून दुसरी घ्यायच्या आत मधे थोडा थांबतो. त्या थांब्यात त्याचा श्वास मला ऐकू आला.

"केव्हापासून?"

"माहीत नाही. रुमालाखाली होता."

मग लांबून, वायरलेस तोंडापासून दूर गेल्यासारखा त्याचा आवाज आला, "पाणी पार थांबलं—" आणि पुढे काही नाही.

"डावीकडे चढ. मोटारसायकल राहू दे, डावीकडे," मी ओरडत राहिले. कोणासाठी ओरडत होते, कोण जाणे.

नंतर तो आवाज आला. तो कानाने ऐकावा लागत नाही, आधी पायांना कळतो. परातीखालचं टेबल थरथरायला लागलं. फुलदाणीतलं पाणी कडेवर आलं. मग घळीतून धुळीचा ढग बाहेर आला आणि त्यामागे ते काळं, जाडजूड, झाडांसकट, घराएवढे दगड उलथत. ओल्या मातीचा वास खोलीभर झाला. जिथं समोवार होते, चादरी होत्या, तो काठ गेला. माणसं वर होती. दिसत होती, उतारावर रंगीत ठिपके, आणि एकाचंही तोंड आता आमच्याकडे नव्हतं.

साहेब लोक गच्चीवर पळाले. खोलीत आम्ही तिघं राहिलो. आणि पडदा. त्यावर एकशे बारा. वरची विहीर गेली, खांब गेले, तारा गेल्या, नदीचं पात्र बदललं, आणि हा मेला हिरवा आकडा आपला जागच्या जागी. न हलता, न लुकलुकता.

"डोळ्यांना त्रास नाही," मी म्हटलं. आगायनी ऐकलं. ते खुर्चीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"शून्य नको, मीच म्हटलं होतं," ते म्हणाले.

"हो, तुम्हीच." मी गप्प बसणार नव्हते. "त्याने सांगितलं होतं तुम्हाला, हे खरं नसेल म्हणून. पोराला तुमचा मान राखायचा होता. आता तो मान घेऊन काय करू मी? घरी काय सांगू?"

लीडिया कार्लोव्ना तो मोठा रुमाल हातात चुरगाळून बसल्या होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. मला त्यांचाही राग यायला हवा होता. आला नाही. वायरलेसवर मी हाका मारत होते आणि हाकांच्या मधे नुसती खरखर ऐकत होते.

टेलिफोन वाजला. मला वाटलं शहरातून असेल. उचलला तर सासूबाई.

"बाल्झिया, भोंगा ऐकला. इथं लोक म्हणतायत या वेळी खरा होता."

"खरा होता, आई."

"धाकटा कुठाय?"

मी पडद्याकडे बघत होते. दुसरीकडे कुठे बघायचं सुचलं नाही. "कामावर आहे," मी म्हटलं.

"तुझ्याजवळ आहे?"

खोटं बोलायला जीभ वळेना आणि खरं मला ठाऊक नव्हतं. "नाही आई. वर होता."

म्हातारीने दोन मुलगे आधीच पुरलेले आहेत. ती रडली नाही, ओरडली नाही. "फोन ठेवू नकोस," एवढंच म्हणाली. मग मी एका कानाला तिचा फोन आणि दुसऱ्या कानाला वायरलेस धरून उभी राहिले. दोन्हीकडून खरखरच येत होती. एकीकडे तिचा श्वास, दुसरीकडे काहीच नाही. घळीतला आवाज हळूहळू खाली उतरला, मग नुसते सुटे दगड घरंगळल्याचे आवाज उरले. किती वेळ गेला, मला विचारू नका. माझे हात बधिर झाले होते. लीडिया कार्लोव्नांनी येऊन फोनचा रिसीव्हर माझ्या कानाशी धरला, म्हणजे मला हात बदलता यावा.

आणि वायरलेसमध्ये कोणीतरी खोकलं.

"वहिनी," मिर्झाचा आवाज आला. दमलेला, चिखल तोंडात गेल्यासारखा. "सुयिंशी द्या."

आमच्याकडे चांगली बातमी आणणारा आधी हात पुढे करतो. सुयिंशी म्हणतो, म्हणजे बक्षीस कबूल करा, मगच सांगतो. मुलगा झाला, सैन्यातून कोणी परत आलं, की पोरं पळत येऊन दारातून सुयिंशी मागतात. स्वतःच्याच जिवंतपणाची सुयिंशी मागणारा माणूस मी पहिल्यांदा ऐकला. मी हसले की रडले, मलाच कळलं नाही. आगायनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"माग," मी म्हटलं. "माग काय हवं ते, मेल्या."

"आधी आईला सांग," तो म्हणाला.

मी रिसीव्हर हातात घेतला. सासूबाई अजून तिथंच होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"आई," मी म्हटलं, "सुयिंशी."

मग म्हातारी अगदी हळू म्हणाली, "घे. गाय घे, घर घे, जे दिसेल ते घे. आधी सांग, दोन्ही पाय आहेत ना त्याला?"

मी त्याला विचारलंच नव्हतं.

"आहेत, आई," मी म्हटलं.